किल्ला तिथे दीपगृह: पुण्याहून कोर्लई ते रत्नागिरी

पुण्याहून कोकणात उतरणारी माणसं किल्ले बघतात, देवळं बघतात, मासळी खातात. वाटेत दीपगृह दिसलं तर खालून एक फोटो काढतात आणि पुढे जातात. पण नकाशा पसरून कोकणपट्टीतली दीपगृहं आणि किल्ले एकत्र खुणावले तर बहुतेक ठिकाणी दोन्ही खुणा एकाच टोकावर पडतात. कोर्लई, खांदेरी, हर्णे, अंजनवेल, जयगड, रत्नागिरी. याचं कारण खाडीत आहे. नदी समुद्राला मिळते तिथे गलबतांना आत शिरायची वाट असते. त्या वाटेवर तोफ रोखायची असेल तर जे टोक हवं, तेच टोक त्या वाटेचा पत्ता रात्री सांगायलाही हवं. सत्ता बदलल्या, तोफा गंजल्या, पण टोकाची गरज संपली नाही. हा प्रवास त्या टोकांचा आहे. दुसऱ्या दिवशीची थळची उत्तरेकडची फेरी सोडली तर उत्तरेकडून दक्षिणेकडे एकेक खाडी ओलांडत जायचं.

निघण्यापूर्वी तीन गोष्टी सोबत घ्याव्यात: ७×५० ची (सातपट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण, सेकंद दाखवणारं घड्याळ आणि पंचांग. पंचांग भरती-ओहोटीसाठी. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि साधारण सव्वासहा तासांनी, सव्वाबाराला ओहोटी. पौर्णिमेला सव्वाअकराला भरती. वीस-तीस मिनिटं इकडे-तिकडे होतात, पण बेत आखायला हा हिशेब पुरतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याची चढ-उतार सर्वांत कमी. प्रवासाचे दिवस अमावास्येच्या जवळचे धरावेत. अंधार असल्याने दिव्याचा झोत नीट दिसतो आणि उधाणाच्या ओहोटीत एरवी बुडालेली खडपंही उघडी पडतात. महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. दीपगृहात पर्यटकांना बहुधा दुपारनंतरच, ठरलेल्या वेळेत सोडतात. तिकीट किरकोळ असतं. वेळा बदलत असल्याने आदल्या दिवशी चौकशी करूनच निघावं.

पहिला दिवस: पुणे – मुळशी – ताम्हिणी – कोर्लई

पुण्याला समुद्र नाही, तरी समुद्राचं बरंच काम पुण्यात होतं. खडकवासल्याच्या तळ्यात राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र पीकॉक बे इथे शिडाच्या होड्या हाकायला शिकतात. त्याच तळ्याच्या परिसरात केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आहे. १९१६ साली सुरू झालेल्या या संस्थेत बंदरांच्या आणि खाड्यांच्या लहान प्रतिकृती बांधून त्यांत भरती-ओहोटी खेळवतात आणि गाळ कुठे साचेल, लाटा कुठे आदळतील याचा अंदाज घेतात.

चांदणी चौकातून पिरंगुट, पौड मागे टाकलं की मुळशीचा जलाशय लागतो. वीजनिर्मितीसाठी टाटांनी बांधलेलं हे धरण आणि त्याच्याविरुद्ध १९२१ साली उभा राहिलेला मुळशी सत्याग्रह पुणेकरांना ठाऊक असतो. दीपगृहं पाहायला निघालेल्यांनी इथे वेगळ्या कामासाठी थांबावं. पाण्याच्या कडेला उभं राहिलं की डोळा पाण्यापासून साधारण दीड मीटरवर येतो. एवढ्या उंचीवरून उघड्या पाण्यावरचं क्षितिज फक्त ४.७ किलोमीटरवर असतं. त्यापलीकडचं पाणी पृथ्वीच्या गोलाईमागे दडतं. हिशेबाची रीत सोपी आहे. मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढायचं आणि त्याला २.०८ ने गुणायचं. उत्तर सागरी मैलांत येतं. एक सागरी मैल १,८५२ मीटरचा. दिव्याच्या उंचीसाठी एकदा आणि बघणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीसाठी एकदा असं गणित करून दोन्हींची बेरीज केली की दिवा किती लांबून दिसेल ते कळतं.

समजा, दिवा भरतीच्या पाण्यापासून ४९ मीटरवर आहे. वर्गमूळ ७, म्हणजे १४.५६ सागरी मैल. होडीत उभ्या तांडेलाचा डोळा ४ मीटरवर असेल तर त्याचे ४.१६. बेरीज १८.७ सागरी मैल, म्हणजे सुमारे ३५ किलोमीटर. मोठ्या जहाजाचा कप्तान २५ मीटरवरून पाहत असेल तर तोच दिवा त्याला २५ सागरी मैलांवरून, सुमारे ४६ किलोमीटरवरून दिसू शकतो. एकाच दिव्याची पोच बघणाऱ्यागणिक बदलते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. दुसरी गोष्ट वर्गमुळाची. दिव्याच्या वाट्याचं अंतर दुप्पट हवं असेल तर उंची चौपट लागते. म्हणूनच दीपगृह बांधणारे आधी उंच कडा शोधतात आणि मग मनोरा किती ठेवायचा ते ठरवतात.

तळ्याकाठच्या दीपगृहांनाही हाच नियम लागू असतो. अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराच्या काठी स्प्लिट रॉक नावाचं जुनं दीपगृह आहे. नोव्हेंबर १९०५ च्या वादळात त्या सरोवरात बरीच जहाजं फुटली, त्यानंतर ते बांधायचं ठरलं. १९१० साली दिवा लागला. मनोरा अवघा साडेसोळा मीटरचा, पण खालचा कडा सुमारे ४० मीटरचा. त्या वेळी तिथे रस्ताच नव्हता, म्हणून सगळं सामान तळ्यातून बोटीने आणून यारीने कड्यावर चढवलं. त्यातलं दोन तोंडांचं, म्हणजे दोन बाजूंना झोत फेकणारं भिंग दर दहा सेकंदांनी एक झळक देई आणि ते फिरवणाऱ्या यंत्राला दर दोन तासांनी चावी द्यावी लागे. १९६९ साली ते सेवेतून निवृत्त झालं. ज्या तळ्यावर जड मालाची जहाजं रात्रंदिवस चालतात तिथेच दीपगृहाचा खर्च परवडतो. मुळशीवर त्याची गरज कधी पडली नाही.

ताम्हिणी उतरून विळ्याला फाटा येतो. डावीकडचा रस्ता निजामपूर-माणगावला जातो, उजवीकडचा सुतारवाडीवरून कोलाडला. आपण उजवीकडे. पुढे रोहा आणि साळावमार्गे कोर्लई. गावातून दीपगृहापर्यंत अरुंद रस्ता जातो. समोरून गाडी आली तर मागे घ्यावी लागते, म्हणून मोठी गाडी अलीकडेच लावून चालत जावं.

कोर्लईची डोंगरधार कुंडलिका नदीच्या मुखाशी समुद्रात घुसली आहे. पलीकडे रेवदंडा. १५९४ साली पोर्तुगिजांनी हा डोंगर निजामशाहीकडून घेतला, १७४० साली तो मराठ्यांकडे आला. पायथ्याच्या गावात पोर्तुगीज वळणाची बोली आजही घराघरांत बोलली जाते. दीपगृह मात्र स्वातंत्र्यानंतरचं, १९५५ सालचं, आणि ते डोंगरमाथ्यावर नसून खाली समुद्राच्या अंगाला, खडकाच्या टप्प्यावर आहे. गडावर जाणाऱ्या पायऱ्या त्याच्या मागूनच सुरू होतात.

उंचीचं गणित कळल्यावर प्रश्न पडतो की माथा हाताशी असताना दिवा खाली का? दिवा फार उंच गेला की पावसाळी ढग आणि धुकं त्याला झाकतात. पाण्यालगत स्वच्छ दिसत असतानाही वरचा दिवा ढगात हरवतो. शिवाय खाडीत शिरणारी होडी जवळ आली की फार उंचावरचा झोत तिच्या डोक्यावरून निघून जातो. लांबच्या जहाजासाठी उंची लागते, खाडीच्या तोंडाशी आलेल्या होडीला खालचा दिवा बरा. प्रत्येक ठिकाणी या दोन गरजांमध्ये तडजोड केलेली असते, आणि कोणती गरज जड ठरली हे दीपगृहाची जागा पाहिली की कळतं.

मुक्काम रेवदंड्याला किंवा चौलला करावा आणि अंधार पडल्यावर किनाऱ्यावर जावं. प्रत्येक दीपगृहाची झळक वेगळी असते आणि तीच त्याची ओळख. एकेरी झळक, दोन-तीन झळकांचा गट, दोन गटांमधला अंधार, हे सगळं सागरी नकाशावर छापलेलं असतं. मोजायची रीत अशी: गटातली पहिली झळक दिसली की घड्याळ सुरू करायचं, पुढच्या गटातली पहिली झळक आली की एक फेरा झाला. एकच फेरा मोजून थांबू नये, कारण बोटाची चूक अर्ध्या सेकंदाची सहज होते. पाच फेरे मोजून पाचाने भागावं. खलाशी हेच करतात, आणि आकडा नकाशाशी जुळला की मगच होडीचं तोंड वळवतात. दिवा क्षितिजाखाली असला तरी हवेतल्या दमटपणामुळे त्याच्या झोताची उजळी आधी दिसते. दुर्बीण लावून ती शोधावी.

दुसरा दिवस: थळ – खांदेरी

अलिबागच्या उत्तरेला थळ. समोर खांदेरी आणि उंदेरी ही जोडबेटं. जायला थळच्या कोळ्यांच्या होड्या ठरवाव्या लागतात. दर माणशी नसून होडीचा ठरतो, म्हणून आठ-दहा जण असले तर परवडतं. बेटावर उतरायची परवानगी लागते का, याची चौकशी आधीच करावी. सकाळी लवकर निघावं. दुपारी वारा वाढतो आणि परतीला होडी हापटते.

१६७९ साली शिवाजी महाराजांनी खांदेरी बांधायला घेतली. मुंबई बंदराच्या तोंडावरच बसणारं हे ठाणं इंग्रजांना सहन होण्यासारखं नव्हतं. त्यांनी गलबतं पाठवून बेटाची कोंडी केली. मराठा आरमारातल्या मायनाक भंडारी आणि दौलतखान यांनी ती मोडून काढली. अंधाराचा फायदा घेत मराठ्यांच्या लहान होड्या उथळ पाण्यातून सामान पोचवत राहिल्या. इंग्रजांच्या जड गलबतांना तिथे शिरता येईना. उंदेरी पुढे १६८० मध्ये सिद्दीने बळकावली. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या बारा किल्ल्यांत खांदेरी आहे.

दीपगृह १८६७ सालचं. बैठ्या इमारतीवर अष्टकोनी मनोरा, उंची सुमारे २५ मीटर. ज्या बेटावरून मुंबईत शिरणारी गलबतं अडवता येत होती, त्याच बेटावरून मुंबईत शिरणाऱ्या जहाजांना वाट दाखवावी लागली. बेटावर वेताळाचं ठाणं आहे, कोळी समाजाची त्यावर मोठी श्रद्धा. ठोकल्यावर धातूसारखा नाद देणारा एक दगडही आहे. सगळे तो वाजवतात, पण तटबंदीकडे वेळ द्यावा. पायथ्याशी पसरलेले सुटे धोंडे लाटेचा जोर आधीच मोडतात, त्यामुळे भिंतीवर येणारा मार कमी होतो.

बेटावरचं दीपगृह चालवणं म्हणजे मूळ काम साठ्याचं. तेल, पाणी, शिधा, काचा, वाती, सगळं होडीने. त्या काळात प्रकाश वातीच्या दिव्याचा. पुढे रॉकेलच्या वाफेचा बर्नर आला. ज्यांनी लग्नाच्या वरातीत पेट्रोमॅक्स पाहिली आहे त्यांना त्याचं काम लगेच कळेल, कारण तत्त्व तेच. टाकीत रॉकेल, वर हातपंपाने भरलेली हवा. दाबाखालचं रॉकेल तापलेल्या नळीतून जाताना त्याची वाफ होते, ती बारीक भोकातून सुटते, हवेत मिसळते आणि जाळीच्या मॅन्टलखाली जळते. मॅन्टलचे माप ठरलेले: ३५, ५५ किंवा ८५ मिलिमीटर.

लावायची पद्धत जपून पाळावी लागे. आधी स्पिरिट पेटवून नळी दहा-पंधरा मिनिटं तापवायची. घाई केली तर वाफेऐवजी कच्चं रॉकेल वर येतं, भडका उडतो, मॅन्टल जातं आणि काजळी थेट भिंगावर बसते. पेटल्यावर ज्योत पांढरीफेक हवी. पिवळी पडली तर भोकात कोळसा धरला असं समजायचं आणि सुईने ते मोकळं करायचं. दाब उतरला की प्रकाश मंदावतो, म्हणून रात्रीतून पुन्हापुन्हा पंप मारायचा. मॅन्टल एकदा जळलं की राखेइतकं नाजूक होतं, जोराने दार आपटलं तरी तुटतं. म्हणून तयार मॅन्टल आणि दुसरा बर्नर कायम हाताशी ठेवलेला असे.

माणूस ठेवणं शक्य नसलेल्या खडकांवर ॲसिटिलीन वायूचे दिवे बसवले गेले. स्वीडनच्या गुस्ताफ दालेन यांनी त्यांच्यासाठी सूर्यझडप केली. त्यात एक काळा दांडा असतो. उजेडात तो जास्त तापतो, लांबतो आणि वायू बंद करतो. अंधार पडला की आखडतो आणि वायू सोडतो. ना घड्याळ, ना माणूस. या कामासाठी त्यांना १९१२ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

संध्याकाळी अलिबागवरून मुरुडकडे सरकावं.

तिसरा दिवस: मुरुड – आगरदांडा – बाणकोट – हर्णे

हा दिवस रस्त्याचा. आगरदांड्याहून दिघी फेरीबोटीने, पुढे श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडला, आणि तिथून वेसवीला दुसरी फेरीबोट. गाडी चढवताना हँडब्रेक ओढावा, गियरमध्ये ठेवावी आणि ओहोटीला धक्क्याचा उतार जास्त तीव्र झाला तर गाडीची खालची बाजू घासणार नाही इतकं हळू जावं. शनिवार-रविवारी रांगेत तासभर जाऊ शकतो.

वेसवीजवळ सावित्रीच्या मुखावर बाणकोटचा हिम्मतगड. १७५६ च्या तहात हा इंग्रजांना मिळाला. त्याच्या आदल्या वर्षी कमोडोर विल्यम जेम्सने पेशव्यांच्या मदतीने तुळाजी आंग्र्यांचा सुवर्णदुर्ग घेतला होता. जेम्सच्या पत्नीने त्याच्या स्मरणार्थ लंडनमध्ये शूटर्स हिल टेकडीवर एक मनोरा बांधला, १७८४ साली. त्याला नाव दिलं सेव्हर्नड्रुग, म्हणजे इंग्रजी उच्चारातला सुवर्णदुर्ग. तो आजही उभा आहे.

हर्णेच्या किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा हे तीन किल्ले, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. दीपगृह कनकदुर्गावर. पायऱ्या थोड्या आहेत, वर तटाचे अवशेष आणि तिन्ही बाजूंना पाणी. संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव चालतो तेव्हा वरून पाहिलं की या दिव्याचं गिऱ्हाईक कोण ते दिसतं: ट्रॉलर आणि लहान होड्या, ज्यांना रात्री-अपरात्री खडपं टाळून धक्क्याला यायचं असतं. बंदरात शिरणाऱ्या मोठ्या जहाजांकडून दीपगृहांसाठी कर घेतला जातो. १९२७ च्या दीपगृह कायद्याने तो बसवला आणि २०२१ च्या नव्या कायद्यातही तो कायम आहे. मच्छीमारांच्या छोट्या होड्यांना तो पडत नाही. दिवा मात्र दोघांना सारखाच मिळतो, आणि जीपीएस बिघडल्यावर पहिली नजर त्याच्याकडेच जाते.

चौथा दिवस: दाभोळ – धोपावे – अंजनवेल

बुरोंडी, कोळथरे करत दाभोळ. खाडी ओलांडून धोपावे आणि मग अंजनवेल. वाशिष्ठीच्या तोंडावर गोपाळगड, त्याच्या पलीकडे समुद्राच्या अंगाला टाळकेश्वराचं देऊळ आणि टाळकेश्वर दीपगृह. खाली वीजप्रकल्पासाठीचा वायूचा धक्का आहे, नशीब असेल तर लांबलचक वायूवाहू जहाज लागलेलं दिसतं. गोपाळगडाचा तट जांभ्याचा, खंदक खोदताना निघालेला दगडच बांधकामाला वापरलेला. दुपारी गड, चारनंतर दीपगृह असा क्रम ठेवावा.

दीपगृहात वर जायला मिळालं तर आधी काचांना हात न लावता मधल्या भिंगाकडे पाहावं. ही रचना फ्रान्सच्या ओगुस्तँ फ्रेनेल यांची. पहिलं भिंग १८२३ साली कोर्दुआँच्या दीपगृहात बसलं, आणि तेही जिरोंद नदीच्या मुखाशी. त्याआधी प्रकाश आरशांनी फेकत आणि त्यातला मोठा वाटा वाया जाई. जाड, अखंड भिंग करायचं तर काच मणांनी लागते आणि तिच्यातच उजेड मुरतो. फ्रेनेल यांनी भिंगाचा पृष्ठभागच तेवढा ठेवला आणि त्याच्या कड्या एकाभोवती एक पायऱ्यांसारख्या रचल्या. मधल्या कड्या प्रकाश वाकवतात. वरच्या-खालच्या लोलकांमध्ये तो आतल्या आत परावर्तित होऊन समुद्राकडे वळतो.

भिंगांना दर्जे असतात आणि ते दिव्यापासून भिंगापर्यंतच्या अंतरावर ठरतात. पहिल्या दर्जाला ९२० मिलिमीटर, दुसऱ्याला ७००, तिसऱ्याला ५००, चौथ्याला २५०, सहाव्याला १५०. दिवा बरोबर केंद्रात बसलाच पाहिजे. चौथ्या दर्जाच्या भिंगात दिवा पाच मिलिमीटर वर सरकला तर झोत एका अंशाहून थोडा जास्त खाली वळतो. दहा सागरी मैलांवर एवढ्याचे सुमारे ३७० मीटर होतात, म्हणजे उजेड जहाजापर्यंत पोचायच्या आधीच पाण्यात शिरतो. दिवा आपल्या जागी झगझगीत दिसतो आणि समुद्रावरून तक्रार येते की दिवा मंद आहे. अशा वेळी बल्ब बदलून काही होत नाही, बैठक तपासावी लागते.

झळक तयार होते ती भिंग फिरल्याने. दिवा सतत जळतच असतो. भिंगाला चार तोंडं असतील आणि एक फेरा चाळीस सेकंदांचा असेल तर दर दहा सेकंदांनी एक झळक. तोंडं सारख्या अंतरावर न ठेवता जवळजवळ बसवली तर गट तयार होतो. जुन्या काळी फिरवण्याचं काम वजनाचं होतं. मनोऱ्याच्या पोकळीत टांगलेलं वजन हळूहळू खाली येई आणि दातेरी चाकं फिरवी. ते तळाला पोचायच्या आत हँडल मारून वर ओढायचं. विसर पडला तर भिंग थांबे आणि झळकीऐवजी स्थिर दिवा दिसे. स्थिर दिवा म्हणजे खलाशाच्या लेखी दुसरंच ठिकाण, म्हणून हा बिघाड दिवा विझण्यापेक्षाही घातक मानला जाई. यंत्र बंद पडलं तर रात्रभर भिंग हाताने, घड्याळ बघत फिरवत.

टनावारी वजनाचं भिंग सहज फिरावं म्हणून ते पाऱ्यावर तरंगतं ठेवत. गोल नाळीत पारा आणि त्यावर भिंगाची बैठक. एका बोटाने ढकललं तरी हलतं. पण पाऱ्यावर मळ धरतो, मग भिंग अडखळतं आणि झळकीची वेळ चुकते. तो पारा काढून मऊ कातड्यातून गाळून घ्यावा लागे. पाऱ्याची वाफ विषारी, आणि दिव्याची खोली बंदिस्त. म्हणून आता जिथे जमेल तिथे पारा काढून टाकला जातो.

दिवसा दिव्याच्या खोलीत पडदे ओढलेले असतात. जे भिंग आतला उजेड बाहेर फेकतं तेच बाहेरचं ऊन आत एका बिंदूवर आणतं. पडदा उघडा राहिला तर बल्बची बैठक वितळते, वायरी जळतात. भिंग पुसायचं ते आधी धूळ मऊ कुंचल्याने उडवून, मग धुतलेल्या जुन्या सुती कापडाने. कोरड्या कापडाने घासलं तर खारे कण काचेवर ओरखडे पाडतात, आणि ते कायमचे.

रात्र गुहागरला.

पाचवा दिवस: गुहागर – तवसाळ – जयगड – रत्नागिरी

हेदवीवरून तवसाळ, फेरीबोटीने शास्त्री नदीची खाडी ओलांडून जयगड. किल्ला खाडीच्या तोंडावर, दीपगृह पुढच्या टोकाला, कऱ्हाटेश्वराच्या वाटेवर. हे दीपगृह १९३२ सालचं आणि बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं आहे. चिऱ्यांच्या आणि काँक्रीटच्या मनोऱ्यांच्या रांगेत हा प्रकार मुद्दाम पाहण्यासारखा.

बिडाचा मनोरा कारखान्यात सुट्या तुकड्यांत ओततात. प्रत्येक तुकड्याच्या कडेला आतून पट्टी, पट्टीला भोकं. तुकडे जहाजाने आणायचे, जागेवर बोल्टने जोडायचे. गवंडीकाम पायापुरतं. जिथे चांगला दगड, गोडं पाणी आणि कसबी माणसं नसतात तिथे हे सोयीचं. बीड पोलादापेक्षा गंजाला जास्त तग धरतं, पण जोड कच्चे असतात. सांध्यात खारं पाणी शिरलं की बोल्ट गंजून फुगतो आणि पट्टीला चीर पाडतो. दिव्याच्या खोलीत काचांच्या चौकटी बहुधा पितळी किंवा काशाच्या असतात. त्या लोखंडाला जिथे टेकतात तिथे दमट खाऱ्या हवेत लोखंडच आधी झिजतं. म्हणून मध्ये गॅस्केट किंवा रंगाचा जाड थर लागतो. रंगाचं काम पावसाळा संपून भिंती पुरत्या सुकल्यावर करायचं, आणि आधी गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढायचं. मिठावर रंग मारला तर तो एका पावसाळ्यात फोड येऊन सुटतो.

जयगडला आता खोल पाण्याचं मोठं बंदर आहे, त्यामुळे दीपगृहाचं कामही बदललं. एलईडी दिवे आले, त्यांना फिरतं भिंग लागत नाही, झळक विजेनेच पाडतात. काही दीपगृहांवर रॅकॉन असतो. जहाजाच्या रडारची लहर त्याला लागली की तो उत्तर देतो आणि रडारच्या पडद्यावर मोर्सचं एक अक्षर उमटतं. धुक्यात दिवा दिसला नाही तरी ठिकाण कळतं. बिघाडही नव्या तऱ्हेचे झाले. सौर पट्ट्यांवर मीठ आणि पक्ष्यांची घाण बसून बॅटरी अर्धी भरते. बॅटरीच्या टोकांवर हिरवा थर चढतो. अंधार ओळखणाऱ्या डोळ्यावर मळ बसला तर दिवा भर दिवसा जळत राहतो आणि पहाटेच्या आत बॅटरी संपते. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, वीज पडण्याचा धोका मोठा, आणि उन्हाळ्यात जांभा इतका कोरडा होतो की जमिनीत सोडलेली तांब्याची पट्टी वीज नीट मुरवू शकत नाही. त्या खड्ड्यात कोळसा-मीठ भरून पाणी घालावं लागतं.

गणपतीपुळे, आरे-वारे करत रत्नागिरी. रत्नदुर्ग घोड्याच्या नालासारखा पसरला आहे. भगवतीचं देऊळ बालेकिल्ल्यात, आणि दीपगृह वेगळ्या टेकाडावर, सिद्ध बुरुजाकडे. इथला पहिला दिवा १८६७ सालचा, म्हणजे खांदेरीच्याच वर्षीचा. किनाऱ्याने आगबोटी वाढत होत्या आणि एकेका बंदराला रात्री ओळख देण्याचं काम त्या काळात जोरात सुरू होतं. वरून एका अंगाला मिरकरवाड्याचं मासेमारी बंदर, दुसऱ्या अंगाला उघडा समुद्र. सूर्यास्तापर्यंत थांबू देत नसतील तर खाली ‘पांढरा समुद्र’ नावाच्या पुळणीवर यावं आणि झळक तिथून मोजावी. कोर्लईचा आकडा वहीत असेलच, दोन्ही शेजारी मांडून पाहावेत.

परतीचा दिवस

हातखंबा, साखरपा, आंबा घाट, मलकापूर, कोल्हापूर आणि महामार्गाने पुणे. पहाटे आंब्यात धुकं असतं, म्हणून नाश्ता करून उन्हं वर आल्यावर निघावं. हाताशी आणखी दोन दिवस असतील तर न परतता दक्षिणेला देवगड गाठावं. तिथलं दीपगृह किल्ल्याच्या आतच आहे.